फोर्थ क्रॉसची पहिली मॅच

आमच्या शेडमध्ये तीन यंत्रं होती, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलं असतं तरी कुठलं चालू आहे ते मी सांगितलं असतं. लोखंड कातणारं जुनं लेथ सुरू झालं की आधी खाकरायचं, मग एका लयीत घुमायला लागायचं. ड्रिल लोखंडात शिरताना कण्हायचं. आणि कोपऱ्यातली करवत दिवसभर आपली कुरकुर करत राहायची, तिचं कुणी मनावर घ्यायचं नाही. टूलची धार गेली की ते बाबांच्या आधी मला कळायचं, कारण आवाजात एक बारीकशी किनार यायची. मी मान वर केली की बाबा यंत्र थांबवायचे, टूल बघायचे आणि मल्लेशीला सांगायचे, बघ, पोराचा कान लेथचा आहे. त्यांना वाटायचं, देवानं हा कान शेडसाठी दिला. मला वाटायचं, शेडमधनं बाहेर पडायला दिला. आमच्या दोघांत भांडण असं कधी झालंच नाही. जे होतं ते एवढंच होतं, आणि ते कुणी बोललं नाही.

बाबांना आख्खं पीण्या, म्हणजे बंगळुरातली आमची कारखान्यांची वस्ती, दत्तण्णा म्हणायचं. आमचं मूळ घर निपाणीकडचं. बाबा मिसरूड फुटायच्या वयात बंगळुरात आले, दुसऱ्याच्या लेथवर उभे राहिले आणि पुढं फोर्थ क्रॉसला, म्हणजे तिथल्या चौथ्या गल्लीत, पत्र्याची स्वतःची शेड टाकली. घरात आम्ही मराठी बोलायचो, तेही निपाणीचं, हेल काढून. पण शेडचं शटर वर गेलं की बाबांच्या तोंडातलं मराठी बाहेरच थांबायचं. आत सगळं कानडी. मोजमाप कानडीत, शिव्या कानडीत, देवाला नमस्कारही कानडीत. घरी मला 'ये रे' म्हणणारा माणूस शेडमध्ये 'बा' म्हणायचा. कानडीत बा म्हणजे ये. सकाळी घरनं निघताना मी त्यांचा मुलगा असायचो, आणि शटरच्या आत पाऊल टाकलं की मल्लेशीसारखाच एक कामगार. मल्लेशी तुमकूरकडचा. ड्रिलवर असायचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, आणि त्याला मराठी आईच्या हातचं खाऊन खाऊन येत होतं. म्हणजे 'वाढा', 'बस', 'अजून थोडं' एवढं पक्कं.

आई दुपारी डबा घेऊन स्वतः यायची. शेडच्या दारात स्टुलावर बसून सगळ्यांना वाढायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी पातळ भाजी, आणि सोमवारी हमखास चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, कारण रविवारचा भात उरलेला असायचा. यंत्रं बंद झाली की कानात जी शांतता यायची तिच्यात तिच्या बांगड्यांचा आवाज फार मोठा वाटायचा. तो आवाज मला कुठंतरी साठवून ठेवावासा वाटे. आमच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता, त्यावर मी काय काय साठवायचो. पत्र्यावरचा पाऊस, आईचं शेवया वळताना गुणगुणणं, तुमकूर रोडवरनं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. बाबा हसायचे. म्हणायचे, "कुणी गाणी भरतंय, हे पोरगं आवाज भरतंय."

पुण्याच्या मामाला मात्र हसू आलं नाही. तो एका छोट्या स्टुडिओत हिशेब बघायला जायचा. तिथं भजनांच्या कॅसेटी व्हायच्या, जाहिराती व्हायच्या, नाटकांचं पार्श्वसंगीत व्हायचं. सुट्टीत आला तेव्हा त्यानं माझ्या टेपा नीट ऐकल्या, आणि दसऱ्याच्या आसपास घरमालकिणीकडं, जयम्मक्कांकडं, त्याचा फोन आला. आवाज भरणाऱ्या माणसाच्या हाताखाली एक मुलगा हवाय. सोमवारी दिवसभरात हजर झालास तर तुझी जागा, नाहीतर मंगळवारी दुसरा उभा राहील. मी फोन ठेवला. बाजूला आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना कोण सांगणार?"

सांगायचं कसं, हाच घोळ होता. कारण दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडं आयुधपूजा झाली होती. त्या दिवशी यंत्रं धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून मांडायची. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आमच्या शेडमध्ये यंत्रांच्या शेजारी क्रिकेटच्या बॅटाही मांडल्या जात, स्टंपांनासुद्धा झेंडू. त्या वर्षी बाबांनी जुन्या लेथच्या बाजूला एक दुसरं लेथ आणून ठेवलं होतं. जुनंच, पण नवा रंग दिलेलं. पूजा झाल्यावर त्यांनी माझा हात धरून त्याच्या चाकावर ठेवला आणि सगळ्यांसमोर कानडीत म्हणाले, "इदु नम्म शेखरंदु." हे आमच्या शेखरचं. मल्लेशीनं टाळ्या वाजवल्या. आईनं पेढा भरवला. माझ्या हाताला रंग चिकटला, तो ओलाच होता अजून. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. मी हसलो.

तर आमचा बेत असा ठरला. आमचा म्हणजे माझा आणि आईचा. आयुधपूजेनंतरच्या रविवारी टीमची पहिली मॅच असायची. पुण्याची बस मॅजेस्टिकच्या स्टँडवरनं रात्री आठला सुटायची. मॅच दुपारी जेवायच्या आत संपायची, मग पोरं भात-सांबार खाऊन आपापल्या घरी जायची. मी मल्लेशीबरोबर सिनेमाला जातो म्हणून सटकायचं, बसमध्ये बसायचं, आणि बस हलली की मागं आई बाबांना सांगणार. भ्याडपणाच होता, पण एकोणीस वर्षांचा होतो, दुसरं काही सुचलं नाही. प्रश्न पिशवीचा होता. कपड्यांची पिशवी हातात घेऊन मॅचला कोण जातं? म्हणून मी ती टीमच्या मोठ्या किटबॅगमध्ये तळाला घातली आणि वर पॅड, ग्लव्ह्ज, जुनी चादर टाकली. आईनं पहाटे उठून काहीतरी केलं आणि फडक्यात बांधून त्याच पिशवीत सरकवलं. काय आहे ते मी विचारलं नाही.

टीमचं नाव फोर्थ क्रॉस, आणि कॅप्टन अर्थातच दत्तण्णा. लेथपुढं उभं राहून राहून बाबांचे पाय गेले होते, त्यामुळं ते स्वतः खेळत नसत, पण कोण कुठं उभा राहणार, कोण कधी बॅटिंगला जाणार, हे सगळं त्यांच्या तोंडून. त्यांचे दोन नियम होते. एक, धावा काढताना हाका फक्त कानडीत मारायच्या. आमच्या टीममध्ये तमिळ होते, मल्याळी होते, एक बिहारी वेल्डर होता. आधीच्या वर्षी एकानं तमिळमध्ये नको म्हटलं, दुसऱ्यानं हिंदीत चल ऐकलं आणि दोघं एकाच टोकाला जाऊन मिठी मारून उभे राहिले. तेव्हापासून बा म्हणजे ये, बेडा म्हणजे नको, निल्लु म्हणजे थांब. चौथा शब्द तोंडातनं काढायचा नाही. दुसरा नियम एकट्या माझ्यासाठी होता. मैदानात त्यांना बाबा म्हणायचं नाही. "तिथं मी तुझा बाप न्हाई," ते म्हणायचे. "दत्तण्णा म्हणायचं. लोक म्हणतील, पोराला पुढं करालाय." मी मैदानात शक्यतो त्यांना हाकच मारायचो नाही.

त्या रविवारी समोर पावडरकोटिंगवाल्यांची, म्हणजे लोखंडाला रंगाची पूड चढवणाऱ्यांची, टीम होती. त्यांची नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची असायची. त्या आठवड्यात कुणाच्या तरी गेटांचं काम होतं वाटतं, सगळ्यांची बोटं हिरवी. त्यांनी आधी बॅटिंग केली, बरी केली. मी बाउंड्रीवर उभा राहून आभाळ बघत होतो. बंगळुराचा दसऱ्यानंतरचा पाऊस आधी वर्दी देत नाही. त्यांचा शेवटचा गडी आउट झाला आणि आमच्या पहिल्या जोडीनं पॅड बांधायला घेतले, तोवर टपोरे थेंब पडायला लागले, आणि आम्ही बावीस जणं आणि दोन अंपायर मैदानाच्या कडेच्या पंपहाऊसकडं पळालो.

पंपहाऊस म्हणजे दहा माणसं मावतील एवढी पत्र्याची खोली. मधोमध गंजलेला पंप, तो बंद पडून जमाना झालेला. त्यात आम्ही सगळे कोंबलो गेलो. ओल्या कपड्यांचा वास, कुणाच्या तरी विडीचा वास, ग्रीसचा वास. वरनं पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं. एरवी मी त्या आवाजावर जीव टाकला असता. आत यायला लोखंडी दार एकच, आणि दाराच्या आतल्या बाजूला बाबा ऐसपैस बसले होते. किटबॅगवर. माझ्या पिशवीवर.

आज हसू येतं. तेव्हा माझी नजर त्या बॅगवरनं हलत नव्हती. बाबांनी मांडी हलवली की मला वाटायचं, आता त्यांना खाली काहीतरी टोचणार. आईनं टीमसाठी दिलेला भडंगाचा डबा फिरत होता. लसूण आणि कढीपत्ता घालून केलेले कुरकुरीत चुरमुरे, पण त्या दमट हवेत ते दोन मिनिटांत मऊ पडले. मल्लेशी मूठ मूठ खात होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, काय गा, खात का नाहीस? मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्यानं माझ्या वाटचेही खाल्ले. पावडरवाल्यांचा कॅप्टन, एक भला माणूस, दोनदा उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "साकु अण्णा. पुढच्या रविवारी खेळू की." साकु म्हणजे पुरे. माझ्या मनात आलं, ह्या माणसाच्या पाया पडावं. पण बाबांनी मान हलवली. वर्षाची पहिली मॅच अर्धी सोडली की वर्षभर कामं अर्धी राहतात, हा त्यांचा पक्का समज होता. "स्वल्प थांबा," ते म्हणाले. "उघडंल."

ते स्वल्प संपेचना. दारातनं मला मैदानाचा एक तुकडा दिसत होता आणि त्यावरचा उजेड कमी होत चालला होता. घड्याळ बाबांच्या मनगटावर होतं, विचारायची सोय नव्हती. मला एकदम वाटलं, माझं सगळं आयुष्य असंच जाणार. पत्र्याखाली, ह्याच माणसांच्या ओल्या खांद्यांना खांदा लावून, दारात बाबा बसलेले, आणि त्यांना कळणारही नाही की ते दार अडवून बसलेत. कारण ते अडवत नव्हतेच हो. ते बसले होते. मध्येच माझ्याकडं बघून त्यांनी भडंगाचा डबा पुढं केला आणि म्हणाले, "खा की गा, उपाशी कशाला बसालास?" मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याचं वाईट वाटलं, आणि मी मूठभर मऊ चुरमुरे तोंडात कोंबले.

पावसाचा जोर ओसरला तेव्हा दुपार कलली होती. बुरबुर चालूच होती, पण बाबा उठले. किटबॅग उघडली गेली नाही, पॅड आधीच बाहेर होते, एवढं नशीब. "शेखर, तू आधी जा," ते म्हणाले. मी म्हटलं, मला शेवटी पाठवा. ते म्हणाले, तुझा हात आज चांगला आहे, मला दिसालाय.

आता माझा साधा हिशोब होता. पहिल्या चेंडूवर आउट व्हायचं. आउट झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही तो कुठं गेला. पिशवी काढायची, मैदानामागनं रस्ता गाठायचा, रिक्षा पकडायची. मी पहिला चेंडू मुद्दाम आभाळात मारला. टेनिसचा चेंडू, पाणी पिऊन जड झालेला, तो आरामात वर गेला आणि आरामात खाली आला, आणि हिरव्या नखांच्या त्या माणसाच्या हातातनं साबणासारखा निसटला. दुसरा तसाच मारला. तो कॅच घ्यायला दोघं धावले आणि एकमेकांवर आपटले. मी स्टंप सोडून उभा राहिलो तर बॉलर वाइड टाकायला लागला, कारण त्याच्या हातातही चेंडू ठरत नव्हता. पलीकडं माझी माणसं आउट होत होती, एकापाठोपाठ एक, सुखानं, आणि पंपहाऊसमध्ये जाऊन अंग पुसत होती. मी तेवढा एकटा टिकून होतो. आमचे लोक ओरडत होते, शाब्बास शेखर. मी आयुष्यात इतकी चांगली बॅटिंग ना त्याआधी केली ना त्यानंतर.

मग मल्लेशी आला, त्याच्यामागं अजून दोघंच उरले होते. जिंकायला थोड्या धावा उरल्या होत्या. मला त्याचं काही नव्हतं, मला मैदानापलीकडच्या रस्त्यावरचे दिवे दिसत होते, एकेक लागत होता. मल्लेशी बॅटिंगच्या टोकाला, मी बॉलरच्या टोकाला. तेवढ्यात माझी नजर पंपहाऊसकडं गेली. बाबा बाहेर आले होते. त्यांना चेंडू पुसायला कोरडं फडकं हवं असणार, त्यासाठी त्यांनी किटबॅग उपसली असणार. त्यांच्या हातात माझी पिशवी होती. डोक्यावर काही नाही, पायांत रबरी चपला, आणि ते बाउंड्रीची रेघ ओलांडून सरळ माझ्याकडं चालत येत होते.

बॉलरनं चेंडू टाकला, मल्लेशीनं तो हलकेच पुढं ढकलला. आणि मी, नियम-बियम सगळं विसरून, लहानपणी अंधारात भ्यायल्यावर मारायचो तशी हाक मारली. "बाबा!"

पुढचं सगळं एकदमच झालं. मल्लेशी बॅट घेऊन सुसाट माझ्या दिशेनं निघाला. बाबा चालत होते, ते पळायला लागले. पंधरा-वीस पावलं पळाले असतील, तिथं चिखल होता, रबरी चप्पल घसरली, आणि ते उजव्या हातावर आपटले. पिशवी लांब उडाली. मी बॅट टाकली आणि त्यांच्याकडं धावलो. माझ्यामागं स्टंप मोडल्याचा आवाज आला आणि मग सगळे ओरडले. मल्लेशी माझ्या जागी येऊन पोचला होता, त्याची जागा रिकामी, तिथं पोचायचं होतं मी. मी रनआउट झालो होतो. दिवसभर जे जमलं नाही ते असं जमलं.

हात मोडलाय हे मनगट बघूनच कळत होतं. पावडरवाल्यांच्या कॅप्टननं रिक्षा आणली. यशवंतपूरच्या बाजूला एक दवाखाना होता, तिथं आम्ही गेलो, बाबा मध्ये, मी आणि मल्लेशी दोन्हीकडं, आणि माझ्या मांडीवर चिखलानं माखलेली पिशवी. बाबा डोळे मिटून बसले होते, ओठ घट्ट. रिक्षावाला आरशातनं बघून चांगलं सावकाश चालवत होता. एक्सरेसाठी लाकडी बाकावर बसवलं. मल्लेशीला राहवेना, तो सारखा मला म्हणत होता, तूच बा बा म्हणालास, म्हणून आलो. नाहीतर कशाला आलो असतो, एवढ्याशा मारावर कुणी धावतं का.

"मी तुला न्हाई म्हटलं," मी म्हणालो. "मी ह्यांना हाक मारली. बाबा म्हटलं."

मल्लेशीनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. बाबांनी डोळे उघडले.

"मलाबी तसंच ऐकू आलं," ते म्हणाले.

मला कळेना. ते माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत सांगत होते. "फडकं काढाय गेलो, तर पिशवी. आत दशम्या बांधलेल्या. मी म्हटलं, दशम्या कुणाला?" आमच्याकडं दशम्या, दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या भाकऱ्या, एरवी कधीच होत नसत. कुणी लांबच्या गावाला निघालं तरच. त्या टिकतात म्हणून. आईनं पहाटे उठून तेच केलं होतं, आणि त्यांना त्या फडक्याच्या गाठीतनं सगळं समजलं होतं. मामाचा फोन आल्याचं जयम्मक्का त्यांना बोलल्या होत्याच. "म्हटलं, पोरगं जायाला निघालंय, बस चुकंल, आणि बसलंय खेळत. तुला पिशवी आणून देणार होतो. मल्लेशी आणि खालचे बघतील मॅच. तर तू बा बा म्हणून ओरडालास. मला वाटलं, घाई हाय तुला. म्हणून पळालो."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. नंतर आयुष्यभर मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकलाय, त्यात कुठं बोचरं काही सापडतं का म्हणून. सापडत नाही.

"अजून गावंल बस," ते म्हणाले. "रिक्षानं जा. मल्लेशी हाय माझ्याजवळ. सरी?"

सरी म्हणजे ठीक. त्यांनी विचारलं होतं, सरी का. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. पावसात, रविवारी संध्याकाळी, बंगळुरात रिक्षा कधी मिळत नाही, मिळाली तर येत नाही, आली तर भांडण काढते. मी हात केला आणि पहिलीच रिक्षा थांबली. ड्रायव्हरनं मीटर टाकून विचारलं, "एल्लिगे सार?" कुठं जायचं. मॅजेस्टिक एवढा एक शब्द म्हणायचा होता. माझ्या तोंडातनं तो निघेना. बाबा चिडले असते तर मी गेलो असतो. पिशवी फेकून दिली असती, चार लोकांत माझी शोभा केली असती, तर मी पळतच गेलो असतो आणि आजन्म सुखानं त्यांच्यावर रागावून राहिलो असतो. पण ते पिशवी घेऊन धावले होते, त्या पायांनी, त्या चपलांनी. आता त्यांचा उजवा हात महिना-दीड महिना उठणार नव्हता, आणि शेडमध्ये दोन लेथ होती, आणि त्यातलं एक माझं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बेडा. नको. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला.

मी परत आत गेलो तेव्हा बाबांनी मला बघितलं आणि मान खाली घातली. मल्लेशी म्हणाला, भूक लागलीय. मी पिशवीतनं फडकं काढलं, गाठ सोडली, आणि दवाखान्याच्या त्या बाकावर आम्ही तिघांनी पुण्याच्या वाटेच्या दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. बाबांना डाव्या हातानं तोडता येईना. मी तुकडे करून देत होतो. "मऊ झाल्यात," ते म्हणाले. "तुझ्या आईचा हात असाय." पुण्याच्या बसची वेळ तेवढ्यात होऊन गेली असावी. आम्ही कुणीच घड्याळाकडं बघितलं नाही.

सोमवारी सकाळी मी शटर वर केलं. बाबा गळ्यात हात बांधून स्टुलावर बसले. मी नवं लेथ सुरू केलं तेव्हा ते खाकरलं नाही, सरळ घुमायला लागलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मामाचा फोन आला तेव्हा आईनं घेतला. मग हात बरा झाला, पण पूर्वीसारखी पकड आली नाही. मग ऑर्डर वाढल्या, मग माझं लग्न, मग बाबा गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. रेडिओवर एखादा आवाज सुरेख भरलेला ऐकला की मी आवाज बारीक करतो. बाबांनी मला बांधून ठेवलं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही, ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती कुणाकडं करायची ते मला कळलेलं नाही.

शेड आता भाड्यानं दिली आहे, तिथं पार्सलांचं गोदाम आहे. तुमकूर रोडवर डोक्यावरनं मेट्रो जाते. मल्लेशीची स्वतःची दोन शेड आहेत आणि तो भेटला की अजून तेच म्हणतो, तू बा म्हटलास, मी आलो, माझी काय चूक. माझी मुलगी महादेवपुऱ्यात नोकरी करते. तिनं मला फोनवर बोलून मराठी लिहायची सोय करून दिली, म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं बोला, टाइप तोच करेल. मी हे प्रकरण तसंच सांगायला बसलो. पण मी कितीही थांबून, तोडून 'बा, बा' म्हटलं तरी फोन 'बाबा'च लिहायचा. त्यालाही फरक कळत नाही. शेवटी फोन बाजूला ठेवला आणि पेन घेतलं.

ती शनिवारी येते. गाडी लावायला जागा नसते, म्हणून वर न येता खालूनच हाक मारते, "बाबा." इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी क्षणभर मला समजत नाही की तिनं मला नुसती हाक मारली की ये, ये म्हटलं. मी विचारत बसत नाही. चपला घालतो, कठड्याला धरतो आणि जिना उतरायला लागतो. सावकाश उतरतो. हाक आली की जायचं, पण पळायचं नाही, एवढं आमच्या घरात शिकून झालं आहे.